हळदीतला क्लोरीन

हळद लावायला अजून कुणाचा हात पुढे आला नव्हता, तोच नवरीने ताटातल्या हळदीवर बोटाने आकडा लिहिला. पाच पॉइंट पंचाहत्तर.

“चुकलं,” शेजारी उकिडवी बसलेली तिची मैत्रीण संघरत्ना म्हणाली. “सहा पॉइंट एक पाहिजे.”

ऋतिकाने चिडून हळद तळहाताने सारखी केली. काल्हेरच्या या मांडवात उद्या संध्याकाळी तिचं लग्न होतं आणि उद्याच सकाळी भिवंडीला केमिस्ट्रीचा राहिलेला पेपर. याच गणिताने तिला मागच्या वेळी बुडवलं होतं. अणूच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनपर्यंत केंद्राची ओढ खरोखर किती पोचते, ते काढायचं. क्लोरीनच्या केंद्राची ओढ सतराची. पण बाकीचे इलेक्ट्रॉन आड येतात, त्यांचा अडथळा वजा करायचा. सगळ्यात आतल्या फेरीतला पुरा एक अडवतो, मधल्या फेरीतला पॉइंट पंच्याऐंशी आणि आपल्याच फेरीतला जेमतेम पॉइंट पस्तीस. हे आकडे तिने मोठ्याने घोकून घोकून घरातल्यांच्याही तोंडी बसवले होते, तिला तर झोपेत उठवून विचारले तरी आले असते. उत्तर तेवढं हटून बसलं होतं.

“हलद लागली का पोरीनं उंबऱ्याभायेर पाय टाकाचा न्हाय, नजर लागते,” हौसाआत्याने सकाळपासून धोशा लावला होता. “नि गनित येत न्हाय, तर जाऊन दिवे काय लावनार?”

ते वर्मी लागलं आणि ऋतिका बोलून गेली होती, “हळद लागायच्या आत सोडवलं तर जाईन. नाहीतर नाही जाणार!” आता ते शब्द गिळता येत नव्हते. वर्षभराची मेहनत त्या ताटाच्या काठावर येऊन थांबली होती.

धवलारणीने धवले, म्हणजे लग्नाची गाणी, धरले आणि बायकांची एकच झुंबड उडाली. कुणाचं कोपर कुणाच्या बरगडीत, कुणाचा पाय कुणाच्या पदरावर. संघरत्ना उठली, तिने गर्दीकडे नीट पाहिलं आणि तिचे डोळे चमकले.

“मावश्यांनो, फेरी धरा, फेरी! सगळ्यांची पाळी येणार आहे!”

आगऱ्यांच्या हळदीला ती आयुष्यात पहिल्यांदा आली होती, पण आवाज असा लावला की बायका मुकाट्याने ऐकू लागल्या. आई आणि हौसाआत्या पाटाला चिकटून होत्या, त्यांना हलवायची कुणाची छाती? त्यांच्यामागे तिने आठजणींना उभं केलं, त्या आठजणींमागे सातजणींना. उरलेल्यांना सरबताकडे पिटाळलं.

“मध्ये तू, केंद्र,” ती ऋतिकाच्या कानात म्हणाली. “आता मागच्या फेरीतल्या कमळकाकीला कोण कोण आड येतंय, मोज.”

ऋतिकाची धाकटी काकू कमळ टाचा उंचावून डोकावत होती. “माना काय पन दिसत न्हाय गो! या पुढच्या भिंतीवानी उभ्या हायत!”

“आई नि आत्या, दोन,” ऋतिका मोजू लागली. “मधल्या आठ. आणि काकीच्या फेरीतल्या सात.”

“सात? काकी स्वतःच्याच आड येते का?”

ऋतिका पाटावर ताठ बसली. दर वेळी हीच चूक! ज्याच्यापर्यंतची ओढ काढायची, त्यालाच ती अडवणाऱ्यांत धरत आली होती. तिने बोट हळदीत खुपसलं. सहाजणींचे दोन पॉइंट एक, आठजणींचे सहा पॉइंट आठ, आतल्या दोघींचे दोन. झाले दहा पॉइंट नऊ. सतरातून गेले...

“सहा पॉइंट एक!” ती पाटावर उभी राहून ओरडली.

धवलारणीची ओळ तुटली. नवरीला काही चावलं की काय म्हणून धाकटा भाऊ प्रितेश नवा कॅमेऱ्याचा मोबाइल उगारून धावत आला. ऋतिका संघरत्नाच्या गळ्यात पडून हसत होती. इतका आनंद तिला लग्न ठरलं तेव्हाही झाला नव्हता.

मग सगळे आत्याकडे बघायला लागले.

“सुटला?” आत्याने विचारलं.

“सुटलं. मी जाणार, आत्या.”

आत्या त्या तीन फेऱ्यांकडे बघत राहिली. “म्हंजे आतली बाय पुढ्यात उभी ऱ्हायली, का मागचीपर्यंत काय पोचत न्हाय?”

“कमी पोचतं,” संघरत्ना म्हणाली.

“मंग भायेरच्याची नजर तरी आत कशी पोचल?”

हे उलट्या बाजूने झालं, असं सांगायला संघरत्नाने तोंड उघडलं. ऋतिकाने तिला सणसणीत चिमटा काढला.

“उद्या मी येतंय संगती,” आत्या म्हणाली. “रिक्षात तुजे पुढ्यात बसन, कालेजचे दारात बसन. बघतंय कोन नजर लावतंय ती!” तिने दोन्ही हात ताटात बुडवले आणि सगळी आकडेमोड उचलून ऋतिकाच्या गालांवर थापली. “नि सख्खी आत्या हाय मी. माजा आकडा किती धरशील? तो पस्तीसवाला धरू नको हां!”

“पुरा एक, आत्या.”