कोरी जाळी

एकोणीस वर्षं स्पिरिटने हात धुऊन धुऊन प्रयोगशाळेतल्या मावशींचा अंगठा गुळगुळीत झाला होता. हजेरीचं यंत्र रोज नाही म्हणायचं आणि रखवालदार कुरकुरत फाटक उघडायचा.

"मावशी, नवा अंगठा उगवून घ्या. तुमच्याकडे तेच तर करतात," तो म्हणायचा.

ते खरंच होतं. भाजलेल्या माणसांसाठी तिथे मऊ, विरघळणाऱ्या जाळीवर कातडी वाढवत. मावशी जाळीवर पेशी पेरायच्या. एक जाळी तुलनेसाठी कोरी ठेवायच्या. तिच्यावर काही उगवता कामा नये.

या महिन्यात तिच्यावर तिसऱ्यांदा कातडी उगवली. साहेबांना सांगावं, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. मावशींच्या अंगात तेवढं त्राण नव्हतं. दोनदा त्यांनी गुपचूप फेकून दिली होती. या वेळी भिंगाखाली धरली. कातडीवर रेषा होत्या आणि मधोमध सुरीने कापल्याची तिरकी खूण. लहानपणी त्यांच्याच अंगठ्याला झालेली, कधीच पुसली गेलेली.

त्यांनी जाळीची काचेची बशी डब्याच्या पिशवीत टाकून घरी नेली. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

सकाळी यंत्राने अंगठा नाकारला. मावशींनी बशीतला तुकडा काढून काचेवर टेकवला. हिरवा दिवा लागला. फाटकाचा दांडा फिरला आणि मावशींनी पाऊल उचलण्याआधीच, कोणीतरी आत गेल्यासारखा, पुन्हा जागेवर बसला.

"झालं ना मावशी?" रखवालदाराने वर्तमानपत्रातून मान न काढता विचारलं.

"झालं बाबा," फाटकाच्या पलीकडून मावशींच्याच दमलेल्या आवाजात उत्तर आलं.