नऊशे फुटांचं आकाश

बाईंनी मोजणीदारांच्या छातीवरचा शेवटचा पट्टा ओढून घट्ट केला तेव्हा त्यांच्या तोंडून नकळत "आई गं" निघालं.

"फार आवळला का?"

"नाही, ठीक आहे," ते म्हणाले. दुसरं काय म्हणणार बापडे.

कचेरीत सगळे त्यांना मोजणीदार म्हणत, कारण विमानतळाभोवतीचं आकाश आखून द्यायचं काम त्यांचं. कुणी किती उंचीवर फिरायचं, कुठून पुढे फिरकायचंही नाही, हे त्यांची पेन्सिल ठरवी. गेली बावीस वर्षं. यंदा मोठी विमानं येणार म्हणून त्यांनी विमानतळाभोवती चांगला ऐसपैस गोल काढला होता. त्या गोलात तीन हजार फुटांच्या वर इंजिन नसलेल्यांना मज्जाव. टेकडीवरच्या या ग्लायडरच्या मैदानानं बिनतक्रार संमती दिली होती, तीही खुद्द बाईंच्या सहीनं. आणि आज, नकाशा छपाईला निघायच्या दिवशी, याच बाई सकाळी कचेरीत येऊन ठाण मांडून बसल्या. सही माझीच आहे, पण एकदा माझ्यासोबत बसा, एवढंच म्हणत राहिल्या. दोन तासांनी साहेब इंजिन नसलेल्या विमानात, पुढच्या खुर्चीत.

बाई साठी उलटलेल्या. इथं शिकवायला लागून तीस वर्षं झालेली. मागे बसण्याआधी त्यांनी आत हात घालून उंचीच्या घड्याळाचा खटका फिरवला आणि काटा शून्यावर आणला.

"हे चुकतंय," मोजणीदार म्हणाले. जित्याची खोड, दुसरं काय. "ही जमीन समुद्रापासून एकवीसशे फूट वर आहे. काटा एकवीसशेवर हवा."

"आम्ही शून्यच लावतो. उतरायचं जमिनीवर असतं साहेब, समुद्रावर नाही."

मोजणीदार हसणार होते, पण हसू अर्ध्यातच विरलं. त्यांच्या नकाशावरची प्रत्येक उंची समुद्रापासूनची होती. "म्हणजे तुम्ही सही केलीत ती..."

"या शून्यापासून तीन हजार धरून. तीन हजार म्हणजे आम्हाला रग्गड. काल आमच्या एका विद्यार्थिनीनं नकाशा नीट वाचला, तेव्हा उजेड पडला."

तीन हजारांतून एकवीसशे गेले. वजाबाकी शाळकरी होती.

"नऊशेत नाही भागणार?" त्यांनी हळूच विचारलं.

"आम्हाला ओढणारा दोरच बाराशेवर सुटतो. तुमची रेघ अशीच राहिली तर पुढच्या महिन्यात मैदानाला कुलूप," असं म्हणून बाईंनी वरची काच लावून घेतली.

मैदानाच्या पार टोकाला असलेल्या यंत्रानं दोर ओढायला सुरुवात केली आणि मोजणीदारांची पाठ खुर्चीला चिकटली. जमीन गेली. समोर नुसतं आकाश. देवाचं नाव घ्यायलाही सवड मिळाली नाही.

"नऊशे," मागून बाईंचा आवाज आला. "ही तुमची रेघ."

मोजणीदारांनी डोळे फाडून पाहिलं. रेघबीघ काही नव्हती. खाली जशी हवा होती तशीच वरही होती.

बाराशेवर खाड्कन दोर सुटला आणि सगळा गोंगाट थांबला. एवढी शांतता त्यांनी जन्मात ऐकली नव्हती. पंखावरून जाणाऱ्या वाऱ्याची तेवढी कुजबुज. मग उजवा पंख कुणीतरी खालून उचलावा तसा उचलला गेला. बाईंनी त्याच अंगाला वळण घेतलं आणि ते गोल गोल वर चढू लागले, इंजिनाशिवाय, अलगद.

"बघा, सोबत आली," बाई म्हणाल्या.

करकोचे होते. चाळीस, पन्नास, किती ते मोजता येईनात. मोजणीदारांना मोजता येईनात. पंख न हलवता तेही त्याच हवेतून वर चढत होते. एक तर इतका जवळ आला की त्याचा डोळा दिसला. त्यानं मोजणीदारांकडे पाहिलं, काही विशेष वाटलं नसावं, आणि तो पुढे गेला.

"बाई, हे रोज असं असतं?"

"नशिबात असेल तेव्हा."

लांब खाली विमानतळ दिसला. धावपट्टी काडेपेटीतल्या काडीएवढी. तिच्या एका टोकाकडून एक विमान सरळ येऊन उतरलं. येणारी येत ती त्या टोकाकडून, जाणारी जात ती दुसऱ्या टोकाकडून. ही टेकडी राहिली पार कडेला. इकडे कुठल्याच विमानाचं काही काम नव्हतं. कंपास फिरवला की गोल होतो, म्हणून टेकडी आत आली होती, बस्स. मोजणीदारांना स्वतःची लाज वाटली, पण लाज वाटून घ्यायलाही त्या घडीला जागा नव्हती. ऊर नुसता भरून आला होता. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले.

काटा तीन हजारांवर आला. बाईंनी विमानाचं नाक खाली केलं. पक्षी वरच जात राहिले.

उतरल्यावर मोजणीदार तिथंच गवतात बसले. खिशातला फोन वाजत होता, कचेरीतून सहायकाचा.

"साहेब, छपाईवाले खोळंबलेत. पाठवू ना?"

"थांबव. टेकडीच्या बाजूचा तुकडा गोलातून कापायचाय."

"अहो, सह्या झाल्यात सगळ्यांच्या. आता परत पहिल्यापासून? वरचे मला फाडून खातील. बरं, कारण काय लिहू?"

बाई शेजारी उभ्या राहून ऐकत होत्या. मोजणीदारांनी वर पाहिलं.

"लिही, जागेची पाहणी केली," ते म्हणाले. "बावीस वर्षांत पहिल्यांदा."