पलंगाचा खोडा

टण्णकन नट फरशीवर पडला, तेव्हा सुनं घर दचकल्यासारखं झालं. सारिकाने पलंगाच्या दुसऱ्या नटाला पाना लावला.

सकाळीच गुरांचे डॉक्टर सांगून गेले होते, "वहिनी, म्हैस हलणार नाही असा खोडा करा, तरच सुई टोचतो. मागच्या खेपेला लाथ खाल्लीय, आणि माझं लग्न व्हायचंय अजून! पण आज इंजेक्शन चुकलं, तर कासेचा सुजलेला सड कायमचा जाईल."

घरात लोखंड म्हणावं असा एवढा पलंगच होता. नवरा कामाला सुरतेला गेल्यापासून मायलेकी त्याची बाजू मोकळी ठेवून झोपायच्या. होळीनंतर त्याचा फोनही येईनासा झाला होता.

पलंगाच्या उशापायथ्याच्या चौकटी तिने गोठ्यातल्या लाकडी मेढींना तारेने आवळल्या, पुढेमागे आडवे बांबू घातले. संध्याकाळी म्हैस आत गुमान उभी राहिली.

"दवाखान्यातला खोडासुद्धा एवढा पक्का नाही, वहिनी!" सुई टोचून डॉक्टर म्हणाले. कितीतरी दिवसांनी कुणी तिचं कौतुक केलं होतं. सारिका हसली.

तेवढ्यात लेकीने तिचा हात ओढला.

"आई, मग बाबा आल्यावर कुठे झोपणार?"