हुबेहूब

निवृत्ती मास्तरांनी तांब्यातलं पाणी रिकाम्या कपात ओतलं, कप गोल गोल फिरवला, तळाची साखर सुटली की नाही ते एक डोळा मिटून तपासलं आणि भुरका मारून ते पाणी पिऊन टाकलं. वर मिशीवरून पालथा हात फिरवला.

सभागृहात हशा उसळला.

"आता सांगा," मास्तर माइककडे झुकले, "मी 'चिकट' हा शब्द उच्चारला? माझ्या कथेतही कुठे सापडणार नाही. लेखकानं पात्राच्या गळ्यात पाटी अडकवू नये. त्याच्या हातात कप द्यावा आणि आपण गप्प बसावं. स्वभाव आपोआप बाहेर येतो!"

टाळ्या पडल्या. वाचनालयाच्या व्याख्यानमालेत एवढ्या टाळ्या एरवी फक्त आभारप्रदर्शन संपल्यावर पडत.

तेवढ्यात मास्तरांना तिसऱ्या रांगेत एक पांढरी टोपी दिसली. टोपीखाली सहादू दाजी होते. मांडीवर आंब्यांची पाटी.

दाजी म्हणजे मास्तरांच्या धाकट्या बहिणीचे यजमान, राहणार वणीजवळ. कप विसळून पिण्याची सवय त्यांची. मिटलेला डोळा त्यांचा, पालथा हात त्यांचा. कथा दिवाळी अंकाला पाठवताना मास्तरांनी फक्त नाव-गाव बदललं होतं, आणि वणीकडे दिवाळी अंक कोण वाचतंय, म्हणून निर्धास्त राहिले होते. दाजी भाषणाला येतील, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

दाजी हसत होते. आजूबाजूच्यांपेक्षा जास्तच. टाळ्या वाजवताना पाटी घसरायची, ती गुडघ्यानं सावरत होते.

पुढचं भाषण मास्तरांनी कसं उरकलं ते त्यांनाच ठाऊक. 'संवादातून स्वभावदर्शन' हा मुद्दा राहूनच गेला.

"इंजिनाचा पट्टा घ्यायला द्वारकेच्या चौकात आलो व्हतो," बाहेर भेटल्यावर दाजी म्हणाले. "तुमच्याकडंच निघालो, तर हितं फळ्यावर तुमचं नाव. म्हटलं, ऐकून जाऊ. लय हसलो राव!"

"म्हणजे... कळलं ना? आवडलं ना?"

"लय हसलो."

मास्तरांनी पाटी घ्यायला हात पुढे केला. दाजींनी ती खांद्यावर चढवली. "तुम्ही आज वक्ते. वक्त्यानं वझं उचलू नाय."

घर येईपर्यंत मास्तर त्यांच्या चेहऱ्याकडे तिरक्या नजरेनं बघत राहिले. पात्राच्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं असतं, असं त्यांनी नुकतंच भर सभेत सांगितलं होतं. या चेहऱ्यावर घामाशिवाय काही दिसेना.

"विमल, दाजींसाठी सरबत कर," दारातूनच ते ओरडले.

"सरबत?" विमलाबाई बाहेर आल्या. "अहो, दाजींना चहा लागतो. आज का पहिल्यांदा येतायत ते? आणि एवढे आंबे कशाला आणले दाजी?"

"घरच्या झाडाचे हायेत, वैनी."

"उकाडा केवढा आहे! सरबतच कर," मास्तर म्हणाले.

चहाच आला. दाजींपुढे नेहमीसारखा पाण्याचा तांब्याही आला.

दाजी बशीत ओतून सावकाश चहा प्यायले. मग सवयीनं त्यांचा हात तांब्याकडे गेला आणि अर्ध्यातच थांबला. त्यांनी तो हात मांडीवर ठेवला. कपाच्या तळाशी थोडा चहा तसाच राहिला होता. तो कप त्यांनी हळूच पलीकडे सरकवला.

"दाजी, पाणी घ्या ना."

"नको. राहू द्या." दाजी जमिनीकडे बघून बोलत होते. "बरं झालं, आज आलो ते. आमची आय म्हणायची, भांड्याला चिकटलेलं अन्न टाकू नाय. तेच हाताला लागलं. शहरात ते वंगाळ दिसतं, हे मला ठावं नव्हतं. तुमच्याकडं चार शिकलेली माणसं बसलेली असायची, तवाबी मी आपला कप विसळून... तुम्हाला लाज वाटली आसंल, मास्तर. पण तुम्ही कधी तोंडानं बोलला नाय."

"काय झालं?" विमलाबाई कपात डोकावल्या. "साखर कमी पडली का?"

"नाय वैनी. फस्कलास झालाय."

'चुकलं' एवढंच म्हणायचं होतं. मास्तरांनी दोनदा तोंड उघडलं. एकदा खोकला आला, एकदा तोही आला नाही. माइकपुढे सरसर चालणारी जीभ घरच्या सतरंजीवर टाळ्याला चिकटून बसली होती.

सांगता येईना, तेव्हा मास्तरांनी दाखवायचं ठरवलं.

त्यांनी तांब्या आपल्याकडे ओढला, स्वतःच्या कपात पाणी ओतलं, कप फिरवला आणि खाली मान घालून थेंब न् थेंब पिऊन टाकला. या वेळी भुरका नव्हता. डोळाही मिटला नव्हता. पण थोडं पाणी मिशीवर राहिलं, ते हनुवटीकडे ओघळायला लागलं, आणि त्यांचा पालथा हात नको असताना मिशीवरून फिरलाच.

 दाजींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

मग ते सभागृहात हसले होते तसेच, मोठ्यानं हसले.

"हुबेहूब!" ते म्हणाले. "लय हुबेहूब, मास्तर!"

आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या.