शेवटचा टायर

याकूतियाच्या रस्त्यावर नुरगुन वाटेच्या देवाला धिरडं ठेवायला गाडीतून उतरला, तेवढ्यात दक्षिणेतल्या समुद्राकाठच्या जावयानं इंजिन बंद केलं. "डिझेल वाचवलं, बाबा!" उणे पन्नासात ते पुन्हा सुरू होईना. "जावईबापू, आमच्यात शेंबडं पोरही हिवाळ्यात इंजिन बंद करत नाही!" नुरगुन ओरडला. हे कुणाला सांगावं लागेल, असं त्याला जन्मात वाटलं नव्हतं. दुसऱ्या गाडीची वाट बघत त्यांनी एकेक टायर जाळला. शेवटचा पेटवला, तेव्हा जावई खूश होऊन म्हणाला, "बाबा, पाय दुखायचे थांबले!" दुखणं थांबलं म्हणजे पाय गोठू लागले, हे नुरगुननं ओळखलं. त्यानं जावयाचे शहरी बूट ओढून काढले, कोट उघडला आणि गारठलेले पाय उघड्या पोटाशी धरले. "झोपू नकोस, पोरा. तुझ्या समुद्राचं सांग." "कोमट असतो..." "आणि?" टायर विझत चालला होता. "आणि, पोरा?"