तोंडं स्पीकरकडे

चोरून होणाऱ्या रेव्ह पार्ट्यांवर मी सिनेमा करतेय हे कळल्यापासून बाबांनी अबोला धरला होता. "सभ्य घरातली माणसं असल्या ठिकाणी पाऊलही ठेवत नाहीत," एवढं बोलून त्यांनी विषय संपवला. शेवटी आईने मध्यस्थी केली. रविवारी दुपारी पडदे ओढून, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून मी दोघांना सिनेमातला पार्टीचा सीन दाखवला. रिकामं गोदाम, धूर, निळे दिवे आणि जोडीजोडीने बेभान नाचणारी पोरं.

बाबा हाताची घडी घालून बघत होते. सीन संपल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"साफ खोटं आहे! एकमेकांकडे बघत कोण नाचतं तिथे? सगळ्यांची तोंडं स्पीकरकडे असतात."

मी आ वासून त्यांच्याकडे बघत राहिले. आपण काय बोलून बसलो हे त्यांच्याही लक्षात आलं.

"म्हणजे... वाचलंय मी कुठेतरी," असं पुटपुटत ते घाईघाईने पाणी प्यायला उठले.

आईने शांतपणे लॅपटॉप मिटला.



"सगळ्यांची कशी हो? तुमचं तर माझ्याकडे असायचं."