वाटीभर कच्ची साय

अगं, माझी लेक गावी माझ्या आईकडे असते ना. तिथलीच म्हातारी सायराकुल आपा सकाळी इथे शहरात, नारिनला, आमच्या लॅबमध्ये रक्त द्यायला आली, येताना वाटीभर कच्ची साय घेऊन. "नाही म्हणालीस तर माझं रक्त परत दे," म्हणाली, मग काय, नानला लावून सगळी खाल्ली मी. दुपारी तिच्या रक्ताच्या थेंबात तपासणीचा गुलाबी द्रव मिसळला आणि गुठळ्याच गुठळ्या, म्हणजे कच्च्या दुधातून येतो ना, तोच ताप. आणि सकाळी तीच साय मी वाटी पुसून खाल्लेली. लगेच फोन लावला, "आपा, तुमची गाय आजारी आहे, ते दूध पिऊ नका."

 

"माझी कुठली गाय, पोरी? तुझ्या आईच्या गाईचं दूध ते. रोज संध्याकाळी मी आणि तुझी लेक मिळूनच तर पितो."